कोंबड्यांशी अबोला नाही

पूर्णा, भिवंडी
१५ जानेवारी २०२५

ती. आक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. धाकट्या भावाने लिहायचा असतो म्हणून लिहिला आहे, त्याचा दुसरा अर्थ काढू नये.

पत्र बघून तुला वाटेल, केसरी नमला. तसं काही झालेलं नाही. रविवारी माझ्या एकसष्टीच्या मंडपात तू सगळ्या गावासमोर म्हणालीस की जन्मात तुझ्याशी बोलणार नाही, आणि मीही तेच म्हणालो. तो शब्द मी पाळणार आहे. पण लिहायचं नाही असं आपल्यात काही ठरलं नव्हतं. शिवाय विषय माझा नाही, कोंबड्यांचा आहे.

चूक तुझी होती हे आधी नोंदवून ठेवतो. पक्षाचे साहेब स्वतः आले होते. व्हिडिओवाला लावला होता. माणसांना केक सगळेच भरवतात. मी मुक्या कोंबड्यांना भरवला तर त्यात काहीतरी वेगळेपण दिसलं असतं, आणि साहेबांनाही ती कल्पना आवडली होती. तेवढ्यात तू आलीस, माझ्या हातातली ताटली हिसकलीस आणि माईक चालू असताना म्हणालीस, "कोंबरीचा पोट कलत न्हाय तुला, त गावाचा काय कलंल?" मंडपात हशा पिकला. साहेब सगळ्यांत जास्त हसले. त्यावर मी "घर माजा हाय, मी काय पन खावाला घालीन" असं म्हणालो, तर माझ्या जागी कोणीही तेच म्हणालं असतं. तू पिशवी भरलीस आणि लेकीकडे कोन गावाला निघून गेलीस. रंजिताचं घर आहे, जरूर जा. पण कोंबड्या इथेच राहिल्या आहेत आणि सकाळपासून माझ्या मागे फिरत आहेत.

तरी त्यांना काय, किती आणि केव्हा घालायचं ते कळवावं. चंद्राला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमा भावाबयनीच्या भांडनान मी परनार न्हाय, न कोंबऱ्यांच्या त त्याऊन न्हाय." बायको असून असं बोलते.

एवढी गोदामं सांभाळणाऱ्याला चार कोंबड्या जड नाहीत. फक्त माहिती हवी आहे. पत्र आपला ड्रायव्हर चिंतू घेऊन येईल. उत्तर त्याच्याकडेच द्यावं.

तुझा भाऊ (रेशनकार्डापुरता),
केसरीनाथ

ता.क. तुझ्या लाल कोंबड्याचं नाव 'सरपंच' आहे हे मला त्याच दिवशी पाहुण्यांकडून कळलं. मी दोन वेळा सरपंच होतो. नाव बदलावं.


कोन
१८ जानेवारी २०२५

चि. केसरीस,

अनेक आशीर्वाद. एकसष्ट झालास तरी 'चि.'च लिहावं लागतंय, माझा इलाज नाही.

नवरा गेल्यावर मी पदरात रंजिताला घेऊन त्या घरात आले, तेव्हा तुला मिसरूड फुटत होतं. तू लग्न केलंस, दोन वेळा निवडून आलास, शेतं गेली, गोदामं आली, घरावर मजले चढले. मी मागच्या दारीच होते. आता कळलं की घर तुझं आहे. घरपट्टी तुझ्याच नावाची येते, मग बरोबरच आहे. मी वाद घालत नाही.

कोंबड्यांनी काही कोणाचं वाकडं केलेलं नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. सकाळी खुराडं उघडलं की कोंडा आणि कण्या कोमट पाण्यात कालवून दे. प्रत्येकीला मूठभर, वर नाही. शेजारी करवंटीत शिंपल्यांचा चुरा ठेव. खाडीवरून आणलेल्या शिंपल्या न्हाणीमागच्या डब्यात आहेत, त्या कुटून घे. अंड्याचं कवच त्यानेच घट्ट होतं. मग दिवसभर काही घालायचं नाही. देवाने पाय दिलेत, उकरतील आणि खातील. बाजाराच्या दिवशी थोडा सुका जवळा, पण धुऊन, खारटपणा काढून. लाडच करायचे असतील तर पाल्याची जुडी टांगून ठेव नाहीतर कलिंगडाची साल टाक. खाणं मुठीने आणि लाड चिमटीने, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

दिवेलागणीला मूठभर कच्चा, तुसातला भात टाकायचा, आणि तो खुराड्याच्या आत टाकायचा. बाहेर टाकशील तर फसशील.

पाटलीण कोंबडी आता म्हातारी झाली आहे, तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही. तिला डाव्या बाजूने हाक मार.

माझं इथे फार छान चाललं आहे. चौथा मजला, लिफ्ट, वारा. झाडायला नको, धुवायला नको. दिवसभर टीव्ही बघते. कोंबड्यांची आठवणसुद्धा येत नाही.

आक्का

सरपंचाचं नाव बदलणार नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी ओरडतो आणि दाणा दिसला की सगळ्यांच्या आधी पळतो. मला दुसरं नाव सुचलं नाही.


पूर्णा
५ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

नमस्कार. पत्र मिळालं. तुझी पद्धत जुन्या काळाला धरून होती. मी त्यात थोडा विकास केला आहे.

त्याचं असं झालं. मी दोन दिवस तू लिहिलंस तसा कोंडा कालवून घातला. तिसऱ्या दिवशी गोदामाला वॉचमन पुरवणारा ठेकेदार भेटायला आला. मी मागच्या दारी बसलेलो पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तो कोंबड्यांसाठी काजू घेऊन आला. म्हणाला, "सेठ, मुर्गी लोग को भी अच्छा खाने का हक है." मला पटलं. त्याचं काम होण्यासारखं होतं, ते झालं. त्याचा अर्थ लोकांनी भलताच काढला. आता ज्याचं माझ्याकडे काम असतं तो पुढच्या दाराने येतच नाही. क्रिकेटच्या चषकवाली पोरं अननस घेऊन आली. वजनकाट्यावाल्याने पनीर आणलं. हळदीचं आमंत्रण द्यायला आलेल्यांनी सरपंचाला मानाचा लाडू ठेवला. बांधकामाच्या साहित्याचा एक माणूस तर पिस्ते सोलून घेऊन आला होता. मी त्याला विचारलं, "सोलून कशाला आनलंव?" तर म्हणाला, "त्यांना तरास नको, दादा."

आपल्या घरी आलेला उपाशी जात नाही, ही आपली पद्धत. कोंबड्यांनाही त्याचा लाभ झाला तर बिघडलं कुठे? सकाळी नाश्ता, दहा वाजता पाहुण्यांकडचं, दुपारी जेवणाचं उरलेलं, चारला फरसाण. पाटलीण आता दोन पावलं चालते आणि बसते. भारदस्त दिसते. बसलेल्या जागी लोक तिच्यापुढे ठेवतात.

तरुण मंडळाने मला 'पक्षीमित्र' ही पदवी दिली असून नाक्यावर बॅनर लागला आहे. फोटोत माझ्या मांडीवर सरपंच आहे. दोघांच्या खाली मिळून 'सरपंच' एवढं एकच नाव छापलंय, तेवढी चूक राहिली.

चिंतूबरोबर अंडी पाठवत आहे. आपल्याच कोंबड्यांची आहेत. आहार सुधारल्याने अंड्यांचाही दर्जा सुधारला आहे, ते तुला दिसेलच.

तुझा,
केसरीनाथ


कोन
८ फेब्रुवारी २०२५

चि. केसरीस आशीर्वाद.

अंडी मिळाली. कल्याण रोडच्या ट्राफिकमध्ये चिंतू दोन तास अडकला तरी एकही फुटलं नाही.

सगळी एका मापाची आहेत. सगळी पांढरीशुभ्र, धुऊन पुसलेली. आणि एकावर निळ्या शाईत तारीख छापली आहे. आपल्यातली कोणती कोंबडी शिक्का मारायला शिकली ते कळव. भुरी असेल, ती पहिल्यापासून हुशार.

केसरी, तुझ्या चंद्राने मला काही सांगितलेलं नाही, उगीच तिच्यावर डाफरू नकोस. अंडं हातात घेतलं की मला त्याची आई दिसते. ही अंडी निजामपुऱ्यातल्या दुकानाची आहेत आणि कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं आहे. कधीपासून?

त्या घालणार नाहीतच. अंगावर चरबी चढली की कोंबडी अंडं धरत नाही. धरलंच तर बिनकवचाचं पडतं, हातात घेतलं की पचकतं. बसल्या जागी पिस्ता मिळायला लागल्यावर कोण कशाला काम करील? हे तुला कोंबड्यांकडे न बघता, नुसतं पंचायतीत इतकी वर्षं बसूनही कळायला हवं होतं.

फरसाणात मीठ असतं, त्याने त्या मरतील. पाटलीण भारदस्त दिसत नाही, तिला चालवत नाही म्हणून ती बसते. मला वाचताना रडू आलं आणि रंजिताने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मालिकेतली सून वाईट आहे.

बंद कर हे सगळं. लोक कोंबड्यांना खाऊ घालत नाहीत, तुला घालतात. तू खातोस आणि पोट त्यांचं सुटतं.

आक्का


पूर्णा
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

अंड्यांची तात्पुरती टंचाई आहे हे मान्य करतो. तुला वाईट वाटू नये म्हणून पर्यायी व्यवस्था केली होती. शिक्का राहिला ती चिंतूची चूक.

पण आज वेगळ्याच कामासाठी लिहितो आहे आणि टोमणे मारायचे असतील तर नंतर मार.

कोंबड्या रात्री खुराड्यात जात नाहीत. भात आत टाकला तर ढुंकून बघत नाहीत, पोटं भरलेली असतात. अंधार पडला की उडता येईल तेवढं उडून गोदामापुढच्या ट्रेलरवर जाऊन बसतात. पाटलिणीला उडता येत नाही, ती खाली टायरला टेकून बसते. मुंगूस फिरतंय. मी बॅटरी घेऊन जातो, एकेकीला पकडून आणतो. चंद्राने त्याचा व्हिडिओ काढून माहेरी पाठवला आहे.

मंगळवारी भुरी सापडली नाही. सगळीकडे शोधलं. शेवटी एका ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन आला, "सेठ, आपकी मुर्गी हमारे साथ में है. इगतपुरी तक आ गयी. टेन्शन मत लो, पाव खा रही है." कसारा घाट चढून गेली, आक्का. दोन दिवसांनी परत आणली त्याने, पुढच्या सीटवर बसवून. मी त्याला जेवायला घातलं. वर भुरीलाही चिमूटभर जास्त दिलं, खोटं कशाला बोलू.

आता मी एकही गाडी कोंबड्या मोजल्याशिवाय सोडत नाही. गोदामातल्या कंपनीचा मॅनेजर ओरडतो, लाईन लागते. मी सांगितलं, "माजी पाटलीन कंचे चाकाखाली हाय ता मना समजल्याशिवाय गेट खोलनार न्हाय." तो मला माझ्याच तोंडावर वेडा म्हणाला.

घाईने कळव, काय करू.

केसरी


कोन
१५ फेब्रुवारी २०२५

केसरी,

चिंतूला खालीच थांबवून लिहिते आहे.

आधी मागचं फाटक लाव. कुलूप घाल. जो येईल तो पुढून येईल आणि हात हलवत येईल. काजू, पनीर, लाडू, काही एक आत येणार नाही, मग तुझा साहेब घेऊन आला तरी. दोन दिवस नुसतं पाणी आणि पाला दे. भूक लागू दे. मग मी लिहिलं होतं ते सुरू कर, मुठीने. करवंटीत शिंपल्यांचा चुरा आहे का ते बघ, नसणारच.

पाटलिणीला रात्री घरात घे. टोपलीखाली ठेव, माझ्या खोलीत. खोलीत दुसरं काही भरून ठेवलं असशील तर ते बाहेर काढ.

संध्याकाळी खुराड्यापाशी उभा राहून हाक मार. मी अशी मारते: "टीऽ टी टी टी, या गो बायांनो, घरा या." भात मुठीत वाजवायचा आणि मग आत टाकायचा. हाक मारताना पायांत बघायचं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं की त्या बुजतात.

पाटलिणीचं काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही. आताही बघत नाहीच, पण तेव्हा खरंच बघणार नाही.

आक्का


पूर्णा
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

सगळं केलं. फाटकाला कुलूप आहे. ठेकेदार पुढच्या दाराने आला आणि नुसता चहा पिऊन गेला, त्याला करमेना. पिस्तेवाला दोनदा येऊन परत गेला. 'पक्षीमित्रा'ने पक्षी उपाशी मारले अशी चर्चा गावात आहे. काल नाक्यावरच्या बॅनरवर माझ्या तोंडाला कोणीतरी चोच काढली.

तुझी खोली होती तशीच आहे. काही भरलेलं नाही. पाटलीण रात्री टोपलीखाली झोपते. पहाटे ती तिथूनच आवाज देते आणि मी अर्धवट झोपेत 'उठलो आक्का' म्हणतो. हे चंद्राने ऐकलं आहे, म्हणजे तुला कळेलच, म्हणून आधी मीच सांगतो.

दिवसभर कोंबड्या आता उकरतात. भुरीने काल अंडं घातलं. लहानसं आहे, कवच पातळ आहे, पण आपलं आहे. जपून ठेवलंय, पाठवत नाही, वाटेत फुटेल.

एकच गोष्ट जमत नाही. हाक. तू लिहिलंस तशी शब्दाला शब्द मारली. कोंबड्या खुराड्याच्या दारापर्यंत येतात, माझा आवाज ऐकला की पांगतात. चंद्राचं म्हणणं, मी 'या गो बायांनो' असं म्हणतो की जणू पुढे 'आणि माझ्या बंधूंनो' येणार आहे. हळू आवाजात मारून बघितली, तर सरपंच माझ्या अंगावर धावून आला. त्या अजून ट्रेलरवरच बसतात आणि मी अजून बॅटरी घेऊन फिरतो.

माझ्या मनात एक विचार आला आहे. तो कायद्याला धरून आहे, नीट वाच. अबोला तुझ्यामाझ्यात आहे. कोंबड्यांशी तुझा अबोला नाही. मी संध्याकाळी फोन लावीन, स्पीकर चालू करीन आणि खुराड्यापाशी ठेवीन. तू त्यांच्याशी बोलायचं. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही. कोणाचाच शब्द मोडत नाही.

केसरी


कोन
२४ फेब्रुवारी २०२५

चि. केसरीस आशीर्वाद.

इतकी अक्कल पंचायतीत वापरली असतीस तर गावात गटारं झाली असती.

कबूल आहे. पण तू हॅलो म्हणालास तर मी फोन ठेवीन. खोकलास तरी ठेवीन.

उद्या दिवेलागणीला लाव. मी हाताशीच असेन. म्हणजे टीव्ही बघत असेन, पण उचलीन.

आक्का


पूर्णा
१ मार्च २०२५

ती. आक्का,

नमस्कार, मनापासून.

तू पलीकडून बघितलं नाहीस म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी मी फोन खुराड्याच्या दारापाशी विटेवर ठेवला आणि बाजूला झालो. तू "टीऽ टी टी टी" म्हणालीस. ट्रेलरकडे निघालेल्या सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मग ज्या पळत सुटल्या! चिंतूच्या पायांतून, मॅनेजरच्या पायांतून. तो मॅनेजर म्हणाला, "ये कौन मॅडम है? इनको हमारे लेबर पे लगाओ." पाटलीण सगळ्यांच्या मागून आली, आत गेली नाही, फोनकडे डावा डोळा येईल अशी मान वाकडी करून उभी राहिली. तिचा आवाज ओळखून तू तिला "आयलीस का गो बाय? जेवलीस का?" म्हणालीस, तेव्हा तिने फोनवर दोनदा चोच मारली. फोनच्या काचेला चीर गेली आहे. बदलणार नाही.

मी शब्द पाळला. खोकला आला होता, तो तोंडात गमछा कोंबून धरला.

पण परवा तुझं बोलून झाल्यावर तुझ्याकडून रंजिताचा आवाज आला. "आये, परत गॅलरीन तांदूल टाकलंस? सोसायटीवालं वराडतान, कावलं लोकांच्या कपऱ्यांव हगतान." मी ते ऐकलेलं नाही, कारण मी तिथे नव्हतोच असं ठरलं आहे. तरी मनात आलं, जिचं टीव्हीत एवढं छान चाललंय ती गॅलरीत कावळे का पाळते?

केसरी


कोन
६ मार्च २०२५

चि. पाटलीण, भुरी आणि खुराड्यातल्या समस्त मंडळींस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुम्हाला आहे. दुसऱ्या कोणी वाचून दाखवलं तर दाखवू दे, पण त्याने मध्ये बोलू नये.

काल तुम्ही आत गेलात, फाटकाची कडी वाजली आणि फोन त्याच्या खिशात चालूच राहिला. विसरला की मुद्दाम ठेवला, ते त्याचं त्याला माहीत. मी ठेवणार होते, पण तो पाटलिणीला टोपलीकडे उचलून नेत होता आणि तिच्याशी बोलत होता, म्हणून राहिले. तो म्हणाला, "तुला ती हाक मारते न तू घरा येतस. मना कोन मारनार गो? घर माजा म्हनलो मी. मागल्या दारी वराडाला कोन न्हाय, त घर कसला ता?"

पाटलिणीने ऐकून घेतलं. ती शहाणी आहे.

आता माझंही ऐका. मला इथे बिलकूल करमत नाही. रंजिता जीव लावते, जावई चांगला आहे, पण चौथ्या मजल्यावर माती नाही. सकाळी डोळे उघडले की कोंडा कालवायला हात जातो आणि हातात रिमोट येतो. तांदूळ टाकते तो कावळ्यांसाठी नाही, कोणीतरी हाकेला यावं म्हणून टाकते. सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा नोटीस देऊन गेला. मी त्याला म्हटलं, "कावल्यांना लिवता वाचता येत न्हाय, त्यांना तोंडान सांग." तेव्हापासून तो लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढत नाही.

मी माईकवर बोलले ते चुकलं असेल. केकची ताटली हिसकली ते बरोबर होतं. त्याला सांगा, दोन्ही वेगळं मोजायचं.

आणि हेही सांगा की चिंतूबरोबर गाडी पाठवली तर मी बसणार नाही. पिशवी भरलेली आहे, पण ती उचलायला ज्याचं घर आहे त्याने यावं. चार मजले आहेत आणि परवापासून लिफ्ट बंद आहे, ते आधीच कळवते. वर येऊन दारात उभं राहावं आणि काय ते तोंडाने बोलावं. लिहून आणू नये. तुमच्याआडून बोलू नये. तुम्ही सोबत असलात तर तो तुमच्याशीच बोलेल, म्हणून कोणीही त्याच्याबरोबर येऊ नका.

तुमची,
आक्का


पूर्णा
१२ मार्च २०२५

ती. आक्का,

कोंबड्यांना पत्र वाचून दाखवलं. सरपंचाने मध्येच बांग दिली, बाकी सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. चंद्रा भिंतीआड उभी होती, तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता तरी जा, का मीच जाव?"

उद्या होळी. सकाळी मी येतो. एकटाच. चिंतूला रजा दिली आहे, गाडी मीच चालवीन. चार मजले चढून मला दम लागेल, तेव्हा दार उघडल्याबरोबर सुरू होऊ नकोस, आधी मला बोलून घेऊ दे.

मोठं काही नाही. 'आक्का, चल, आपल्या घरी' एवढंच आहे. जन्मभर मांडवामांडवात बोललो, कागद हातात धरला नाही. हे चार शब्द आठवडाभर पाठ करतो आहे आणि 'आपल्या'पाशी आलो की अडखळतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. आज सरपंचासमोर उभा राहून म्हणून बघितलं. तो पळाला नाही, म्हणजे जमत असावं.

तुझी खोली झाडून घेतली आहे. न्हाणीमागच्या डब्यात शिंपल्या भरल्या आहेत, मी स्वतः खाडीवर जाऊन आणल्या. भुरीचं ते पहिलं अंडं अजून ठेवलंय, पण आता ते खाऊ नये.

उद्यापासून संध्याकाळी फोन लावणार नाही. भात मुठीएवढा काढून खुराड्यावर वाटीत झाकून ठेवला आहे. मी टाकणार नाही. कोंबड्या तू येईपर्यंत थांबतील.

तुझा,
केसरी

ता.क. सरपंचाचं नाव राहू दे.